भिंतीपुढे आणि चुलीपुढे

जपानमधल्या सोतो झेन या बौद्ध पंथात ध्यानाला बसताना डोळे मिटत नाहीत. आपल्याकडे ध्यान म्हटलं की मांडी आणि मिटलेले डोळे एवढं ठरलेलंच असतं, त्यामुळे हे ऐकून आधी जरा बिचकायला होतं. इथे पापण्या अर्ध्यावर, नजर मीटरभर पुढे खाली सोडलेली, आणि पुढ्यात भिंत. समई नाही, मूर्ती नाही, ओंकार नाही, कानात कोणाचा धीरगंभीर आवाज नाही. उदबत्ती जळून संपेपर्यंत, म्हणजे चाळीसेक मिनिटं, त्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. घंटा झाली की उठायचं, एका श्वासाला अर्धं पाऊल इतक्या मंद चालीने खोलीभर फिरायचं आणि पुन्हा येऊन त्याच भिंतीपुढे बसायचं.

रिन्झाइ हा झेनचा दुसरा मोठा पंथ. त्यातले साधक भिंतीकडे पाठ करून समोरासमोर बसतात, गुरू त्यांना कोडी घालतो, चालणंही झपझप असतं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नागोयात राहायचो तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाचं देऊळ सोतो पंथाचं निघालं, म्हणून मी भिंतीपुढे बसले. रिन्झाइचं असतं तर हा लेख ‘एका हाताच्या टाळीचा आवाज कसा?’ या त्यांच्या कोड्यावर झाला असता. माणसाची साधना ठरवण्यात चालत जाण्याजोग्या अंतराचा वाटा फार मोठा असतो, हे कोणी कबूल करत नाही.

बसायचं कसं हे दोगेनने लिहून ठेवलं आहे. दोगेन (१२००–१२५३) हा जपानमधल्या सोतो पंथाचा संस्थापक. चीनमध्ये चार वर्षं राहून १२२७ साली तो परतला आणि लगेच त्याने बसण्याच्या पद्धतीवर एक छोटेखानी मजकूर लिहिला. जाड बैठक, तिच्यावर गोल उशी. उजवं पाऊल डाव्या मांडीवर, डावं उजव्या मांडीवर. जमत नसेल तर एकच. उजव्या तळव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत, जीभ टाळूला, श्वास नाकाने. डोळे उघडे, हे तो बजावून सांगतो. शरीराबद्दल इतकं बारीक सांगणारा हा माणूस मनाचं काय करायचं ते मात्र एका जुन्या चिनी संवादावर भागवतो. एक भिक्षू विचारतो, इतकं निश्चल बसून आपण कसला विचार करता? गुरू म्हणतो, अविचाराचा. तो कसा करतात? विचाराच्या पलीकडे जाऊन. झालं. पुढे आठशे वर्षं लोक यावर भाष्यं लिहीत बसले.

आमच्या देवळातले म्हातारे पुजारीही त्याच वळणाचे होते. मन शांत झालं का, काही अनुभव आला का, असलं त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. मागून येऊन दोन बोटांनी पाठ सरळ करायची आणि पुढे सरकायचं. बोट दाखवायचेच तर अंगठ्यांकडे. अंगठे फार चुगलखोर असतात. डुलकी लागली की खाली ढासळतात, डोक्यात काही घोळायला लागलं की एकमेकांवर दाबले जातात. बघणाऱ्याला तुमच्या मनात डोकावायची गरजच पडत नाही.

यातून मिळतं काय? सावाकी कोदो (१८८०–१९६५) हा विसाव्या शतकातला सोतो गुरू. स्वतःचा मठ न करता हा माणूस उभा जपान फिरत राहिला, म्हणून त्याला लोक बिनघरचा कोदो म्हणायचे. तो सरळ सांगायचा की झाझेन, म्हणजे हे बसून केलेलं ध्यान, करून काहीही मिळत नाही. हे नम्रतेपोटी नव्हतं आणि शिष्याला चकवण्यासाठीही नव्हतं. मिळवायला म्हणून बसलात तर ते बसणं झालं नाही, असा त्याचा रोखठोक हिशेब होता.

आणि नेमकी हीच परंपरा आज जगभर ‘मिळवण्यासाठी’ विकली जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा एक अभ्यासक्रम सुरू केला. ते स्वतः सेउंग सान या कोरियन झेन गुरूंकडे शिकलेले. त्या कामाची टिंगल करायचं मला कारण नाही. कंबरदुखीने वर्षानुवर्षं बेजार झालेल्या माणसाला बरं वाटत असेल तर त्याने जरूर करावं. पण तिथून हे प्रकरण ऑफिसांत शिरलं. मी पूर्वी होते त्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत असं एक सत्र झालं होतं. शेवटी फॉर्म आला: तुमचा तणाव किती कमी झाला, एक ते दहा. त्याच संध्याकाळी साडेसातला मीटिंग लावलेली होती. कोदोच्या हाती तो फॉर्म पडायला हवा होता.

मला वाटतं, आपण या परंपरेतली फक्त उशी उचलून आणली. तिथे बसणं हे दिवसभरातल्या अनेक कामांपैकी एक काम असतं, आणि बाकीची कामं त्याच्यापेक्षा हलकी मानलेली नसतात. हे दोगेनला ज्याने शिकवलं तो कोणी मठाधिपती नव्हता, आचारी होता. पुढची गोष्ट दोगेनने स्वतःच सांगितली आहे.

१२२३ साल. तेवीस-चोवीस वर्षांचा दोगेन जपानहून आलेल्या जहाजावर, चीनमधल्या निंगबोच्या बंदरात, उतरायची वाट बघत थांबलेला. चिनी पंचांगातला पाचवा महिना. एक साठी उलटलेला भिक्षू जहाजावर जपानी अळंबी विकत घ्यायला येतो. हा आयुवांग पर्वतावरच्या मठातला तेन्झो, म्हणजे मुख्य आचारी. (आयुवांग म्हणजे आपला राजा अशोक. अशोकाने उभारलेल्या ८४,००० स्तूपांपैकी एकातले बुद्धाचे अवशेष त्या मठात आहेत अशी तिथली श्रद्धा आहे.) दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण, भिक्षूंना काहीतरी चांगलं करून घालायचं, म्हणून म्हातारा पस्तीसेक ली, म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर, चालत आलेला. दोगेनला बोलायला माणूस हवाच होता. तो म्हणतो, आज राहा, मी जेवू घालतो. म्हातारा म्हणतो, छे, उद्याचं जेवण माझ्यावाचून बिघडेल. एवढ्या मोठ्या मठात दुसरं कोणी रांधणारं नाही का? हे काम मला म्हातारपणी मिळालंय, दुसऱ्याच्या गळ्यात कसं टाकू? मग दोगेन जे विचारतो ते आपणही विचारलं असतं: या वयात ध्यानाला बसायचं, जुने ग्रंथ वाचायचे, ते सोडून स्वयंपाकघरात राबून काय मिळतं? म्हातारा मोठ्याने हसतो. परदेशच्या सज्जन माणसा, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलंच नाही. एवढं बोलून, अंधार पडायच्या आत पोचायला हवं म्हणून तो निघून जातो.

दुसरा आचारी त्याला तिआनतोंगच्या मठात भेटला. भर दुपारी, बुद्धमंदिरासमोरच्या तापलेल्या फरशीवर, अडुसष्ट वर्षांचा माणूस अळंबी वाळत घालत होता. काही अभ्यासक म्हणतात ते शेवाळ असावं. डोक्यावर काही नाही, हातात बांबूची काठी, पाठ वाकलेली, घामाच्या धारा. दोगेन म्हणाला, हे काम एखाद्या गड्याला का सांगत नाही? तो म्हणाला, दुसरा म्हणजे मी नव्हे. खरं आहे, पण ऊन एवढं आहे, आत्ताच कशाला? तो म्हणाला, मग केव्हा? दोगेन गप्प झाला.

जपानला परतल्यावर दोगेन क्योतोच्या केन्निनजी मठात दोनेक वर्षं राहिला. तिथेही तेन्झो होता, पण नावापुरता. आपल्या खोलीत बसून तो कधी गप्पा मारायचा, कधी सूत्रं म्हणायचा, पण भाताच्या भांड्याकडे फिरकायचा नाही. दोगेनने याबद्दल जे लिहिलंय त्यात संताप स्पष्ट दिसतो. १२३७ साली, उजीच्या कोशोजी मठात असताना, त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. बुद्धधर्मातल्या एका मोठ्या तत्त्वज्ञाने तांदूळ कसे धुवावेत यावर लिहिलेला तो मजकूर मला त्याच्या इतर अवघड लेखनापेक्षा जास्त आवडतो.

त्यात आहे काय? दुपारचं जेवण उरकलं की उद्याचे तांदूळ आणि भाजी आणवून ठेवा, आणि स्वतःच्या डोळ्यांतल्या बुबुळांइतकी जपा. तांदूळ स्वतः धुवा. तांदूळ बघताना खडे बघा, खडे बघताना तांदूळ बघा. धुवण फडक्याच्या पिशवीतून गाळून मगच टाका, एक दाणाही जायला नको. भांडी घासून झाल्यावर उंच जागची उंच जागी आणि सखल जागची सखल जागी ठेवा. पळी आणि चिमटाही आपटू नका. हाती आलेली भाजी जून आहे म्हणून कुरकुरू नका, आणि उंची जिन्नस मिळाला म्हणून हरखू नका. पालेभाजीचा एक देठही बुद्धाच्या देहाइतक्या मानाने हाताळा. सगळं शिजलं की चीवर अंगावर घ्या, ध्यानगृहाच्या दिशेने तोंड करा, धूप लावा, नऊ वेळा जमिनीला डोकं टेकवा, आणि मगच जेवण पाठवा.

या नऊ दंडवतांपाशी मी दर वेळी अडखळते. स्वयंपाक करणाऱ्याने जेवणाऱ्यांना वंदन करायचं. आपल्याकडे अन्नदात्याला सुखी भव म्हणतात तो उलटा प्रवाह इथेही आहेच, जेवणारे जेवणाआधी पाच गोष्टींचं स्मरण करतात आणि त्यातली पहिलीच अशी की हे अन्न इथवर यायला किती हात लागले. पण रांधणाऱ्याचं वंदन मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

एइहेइजी हा दोगेनचा मुख्य मठ. १२४४ साली, राजधानीपासून लांब, आजच्या फुकुई प्रांतातल्या बर्फाळ डोंगरात त्याने तो उभारला आणि दोन वर्षांनी त्याला हे नाव दिलं. तेव्हा नागोयाहून शिरासागी नावाची गाडी थेट फुकुईला जायची. आम्ही गेलो ते नोव्हेंबरात, तिथे पाहुण्यांना एक रात्र राहू देतात म्हणून. शेकडो वर्षांचे देवदार, त्यांच्यामध्ये डोंगरउतारावर चढत गेलेल्या सात मुख्य इमारती, आणि त्या सगळ्यांना जोडणारे लाकडी जिने आणि छताखालचे लांब मार्ग. ते लाकूड पायाला इतकं गुळगुळीत लागत होतं की मी दोनदा खाली वाकून हात फिरवून बघितला. मग एका कोपऱ्यात कारण दिसलं. चार तरुण भिक्षू ओली फडकी दोन्ही हातांनी दाबून, कंबरेतून वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षरशः धावत होते. टोकाला पोचले की वळून पुन्हा. जमीन आधीच स्वच्छ होती. ती कालही पुसली होती, परवाही.

आम्हाला हात छातीशी एकावर एक धरून डाव्या बाजूने चालायला सांगितलं होतं, भिक्षूंचे फोटो काढायचे नाहीत हेही. स्वयंपाकघराच्या इमारतीपाशी भिंतीला एक अजस्र लाकडी बत्ता उभा करून ठेवला आहे, माणसाहून कितीतरी उंच. तिळाचा तोफू ही इथली खासियत, आणि तीळ वाटायचे म्हणजे बत्ता आलाच. दुसऱ्यासाठी स्वतः झिजणाऱ्या बत्त्याची चव ज्याला कळते तो माणूस मोठा, अशा अर्थाच्या ओळी त्याच्याबद्दल सांगतात. त्याला हात लावला तर स्वयंपाक सुधारतो अशीही समजूत आहे. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्यानेच हात लावला.

याच इमारतीत राखणदार म्हणून इदातेन बसवला आहे. इदातेन म्हणजे शंकराचा मुलगा स्कंद, आपला कार्तिकेय. चीनमार्गे तिथे पोचेस्तोवर त्याचा मोर मागे पडला आणि तो वाऱ्याच्या वेगाने धावून भिक्षूंसाठी अन्न आणणारा देव झाला. शौचालयालाही देव आहे, उच्छुष्म. ध्यानगृह, न्हाणीघर आणि शौचालय या तिन्ही जागी बोलायचं नाही, असा नियम आहे. नीट लक्षात घ्या, तिन्ही जागा एका ओळीत आहेत. शौचाला गेल्यावर हात कसे धुवावेत, सकाळी तोंड आणि दात कसे घासावेत यावर दोगेनने स्वतंत्र प्रकरणं लिहिली आहेत. तिथे एक पूल आहे, अर्ध्या पळीचा पूल म्हणून ओळखला जाणारा. दोगेन बुद्धाला वाहण्यासाठी नदीचं पाणी पळीने घ्यायचा, आणि उरलेलं अर्धं पाणी परत नदीत ओतायचा, अशी आठवण त्याच्याशी जोडलेली आहे. वाहत्या नदीत अर्धी पळी पाणी परत टाकून काय फरक पडतो हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. तरी नळ वाहता सोडून भाजी धुताना ती पळी आड येते.

भिक्षूंचं जेवण ध्यानगृहातच, ज्या जागी बसतात आणि झोपतात त्याच जागी होतं. प्रत्येकाला एक ततामी, म्हणजे एका माणसाला आडवं होता येईल एवढी चटई, तेवढाच त्याचा संसार. एकात एक बसणारी भांडी कापडात बांधलेली. गाठ कशी सोडायची, कुठलं भांडं आधी काढायचं, कुठे ठेवायचं, सगळं ठरलेलं. दुपारच्या जेवणाआधी भाताची काही शितं बाजूला काढून ठेवायची, भुकेल्या अतृप्त जीवांसाठी. चित्राहुती बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेवटी गरम पाणी येतं. त्यात भांडी टोकाला कापड लावलेल्या काडीने पुसून धुवायची, थोडं पाणी पिऊन टाकायचं, थोडं परत द्यायचं, भांडी कोरडी करून पुन्हा गाठ. घासायला म्हणून काही उरतच नाही. सकाळी तांदळाची पेज, तिळमीठ आणि मुळ्याचं लोणचं. कांदा-लसूण कधीच नाही. लोणच्याचा आवाज न करता ते चावून दाखवा, मग साधनेच्या गप्पा मारा.

हे सगळं वाचताना फार गोड वाटत असेल तर दुसरी बाजूही सांगायला हवी. इथे नव्याने येणाऱ्या पोरांना गवताच्या चपला घालून दारात थंडीत ताटकळत उभं ठेवतात. उन्हाळ्यात साडेतीनला उठायचं. अशा पेजभाताच्या आहारावर सुरुवातीच्या महिन्यांत कित्येकांना बेरीबेरी होत आली आहे. ध्यानात पेंगणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर लाकडी पट्टी बसते. लागत कमी असली तरी दचकायला होतंच. आणि यापेक्षा फार मोठी गोष्ट: १९३०-४० च्या दशकांत जपानच्या आक्रमक युद्धांमागे तिथले बहुतेक बौद्ध पंथ उभे राहिले, झेनही त्यात आला. शरण जाणं, ‘मी’ विसरणं, हुकूम येताच विचार न करता हालचाल करणं, हे ध्यानगृहातून बराकीत नेणं अवघड गेलं नाही. कोदो स्वतः रशिया-जपान युद्धात सैनिक होता, आणि नंतरच्या युद्धकाळातल्या त्याच्या बोलण्यावरून आजही वाद चालतात. सोतो पंथाने १९९२ साली जाहीर पश्चात्ताप व्यक्त करून माफी मागितली. तेव्हा पाठ ताठ आणि अंगठे जागेवर असले म्हणजे माणूस चांगला होतोच, असं समजायचं कारण नाही. भिंत कोणालाच अडवत नाही.

शरीरालाही हे बाधू शकतं. रिन्झाइ पंथाचा मोठा गुरू हाकुइन (१६८६–१७६९) तरुणपणी इतका इरेला पेटून बसला की आजारी पडला. डोकं तापलेलं, पाय बर्फ, कानांत सतत आवाज, कशातच धीर नाही. क्योतोजवळच्या डोंगरात गुहेत राहणाऱ्या एका वृद्धाने त्याला उपाय सांगितला. कल्पना करायची की डोक्यावर बदकाच्या अंड्याएवढा लोण्याचा गोळा ठेवला आहे, स्वच्छ, सुवासिक. अंगाच्या उबेने तो हळूहळू वितळतो. ओघळ खांद्यांवर येतात, दंडांवर, छातीत, पोटात, पाठीच्या मणक्यांवरून खाली, आणि साचलेली दुखणी सोबत घेऊन तळपायांपर्यंत उतरतात. हा वृद्ध हाकुइनला खरंच भेटला की गोष्ट रचलेली आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. झोप लागत नाही त्या रात्री मी हा गोळा डोक्यावर ठेवते आणि बहुतेकदा गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत झोपते. कोदोच्या मते हे मिळवणंच झालं, पण कोदो झोपेच्या बाबतीत सुखी असावा.

ठाण्याला परत आल्यावर मी आमच्या आतल्या खोलीतली कपाटाशेजारची भिंत निवडली. सासूबाई मूळच्या राजापूरकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी दोन-चार दिवस नुसतं बघितलं, मग न राहवून म्हणाल्या, “अगं, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखी काय बसतेस भिंतीकडे तोंड करून? इकडे तोंड केलंस तर काय बिघडेल?”

“आई, तिथे असंच बसतात.”

“देव कुठाय पण?”

“देव नाही समोर.”

“मग कोणासाठी बसतेस?”

मी काहीतरी पुटपुटले. लोण्याचा प्रकार सांगितला तो मात्र त्यांना तात्काळ पटला. फक्त बदकाचं अंडं नको, लिंबाएवढा गोळा म्हण, एवढीच दुरुस्ती त्यांनी सुचवली. पेजेचं ऐकून तर म्हणाल्या, की मग त्यात शिकायला जपानला कशाला जायला हवं.

खरं सांगायचं तर दोगेनच्या त्या पुस्तिकेबद्दल माझ्या मनात जो एक खडा आहे तो त्यांच्यामुळेच. साठ वर्षं या बाईने तांदूळ निवडले, धुवण झाडांना घातलं, उंच डबे वर आणि बुटके खाली लावले, जून भाजी आली तरी तिची आमटी केली, आणि सगळे जेवल्यावर स्वतः बसली. यातलं एकही काम दोगेनच्या यादीबाहेरचं नाही. पण तिला कोणी तेन्झो म्हटलं नाही. मठात हे काम अनुभवी, साधनेत मुरलेल्या भिक्षूकडे देतात. सहा मानाच्या पदांपैकी ते एक आहे. स्वयंपाक ही साधना आहे हे पुरुषांच्या मठात पुरुषांनी ठरवलं, तेव्हा त्याचं पद झालं. आचाऱ्याच्या मनाचे तीन गुण सांगताना दोगेन आनंदी मन आणि विशाल मन यांच्या मधोमध वडीलधारं मन घालतो, एकुलत्या लेकरावर आई-बापांची असते ती माया. म्हणजे उदाहरण घरातून उचललं, घर मात्र मागेच सोडलं.

आपल्याकडे दोगेननंतरच्या पिढ्यांत जनाबाई झाली. तिच्याही जात्यापाशी काम आणि साधना असे दोन भाग पडत नाहीत. पण तिथे विठ्ठल येतो आणि दळू लागतो. तिआनतोंगच्या फरशीवर दुसरा म्हणजे मी नव्हे असं म्हणणारा म्हातारा आणि देवाला खुंटा धरायला लावणारी जनी, यांतलं मला जवळचं कोण हे मला ठरवता आलेलं नाही. घाईच्या सकाळी, डबे भरताना, जनी. एकटी असताना तो म्हातारा.

भारतात हे करून बघायचं असेल तर कोडाईकनालजवळ पेरुमलमलईला बोधी झेंडो आहे, आमा सामी या जेझुइट धर्मगुरूंनी १९९६ साली उभारलेलं. ते जपानच्या कामाकुरात यामादा कोउन यांच्याकडे झेन शिकले. ख्रिस्ती पाद्री, जपानी बैठक, तमिळ डोंगर. थंडी असते, शाल न्या, आणि श्रमाचा तास चुकवायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

मागच्या आठवड्यात सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. हल्ली बाजारातले तांदूळ स्वच्छच असतात, पण त्यांच्या हाताला सवय. शेजारी बसून मी त्यांना दोगेनने त्याच पुस्तिकेत दिलेली एक जुनी गोष्ट सांगितली. श्वेफेंग नावाचा भिक्षू डोंगशानच्या मठात तेन्झो होता. तो तांदूळ धूत असताना डोंगशानने विचारलं, खडे धुवून तांदूळ टाकतोस, की तांदूळ धुवून खडे टाकतोस? श्वेफेंग म्हणाला, दोन्ही एकदमच टाकतो. डोंगशान म्हणाला, मग लोकांनी जेवायचं काय? त्यावर श्वेफेंगने तांदळाचं भांडंच उलटं केलं.

या उत्तरावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. डोंगशानने तेव्हा श्वेफेंगला दुसऱ्या गुरूकडे जायला सांगितलं म्हणतात. मी ते सांगायला तोंड उघडणार तोच सासूबाईंनी ताटातला एक खडा चिमटीत पकडून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, “आणि मग ते तांदूळ गोळा कोणी केले?”

ते दोगेननेही लिहिलेलं नाही.